जिभेला धरणारा दगड

ही गोष्ट मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. खराडीतल्या एका इमारतीच्या पायाच्या नोंदवहीत, कोपऱ्यातल्या खांबापुढे, साइट इंजिनिअर म्हणून मी 'पक्का खडक लागला' असं लिहिलं. तो पक्का नव्हता, आणि मला ते वस्तादांनी सांगितलं होतं.

वस्ताद दगड चाटून बघत. उभं तारुण्य वाघोलीच्या दगडखाणीत गेलेलं. आमच्याकडे पाया खोदणाऱ्या टोळीचे मुकादम. तळ लागला की स्वतः खड्ड्यात उतरत, छिन्नीने ढलपी काढत, धोतराला पुसून जिभेवर ठेवत. सुटली तर खडक, चिकटली तर माती. "काळा दगड पाणी पीत न्हाई," म्हणत, "पितो त्यो आपल्या कामाचा न्हाई."

"वस्ताद, सोबत चटणी मागवू का?" सुपरवायझर विचारायचा.

"मागवा. पर पयला घास तुमचा."

त्या कोपऱ्यात तांबडा थर लागला. ढलपी जिभेवरून बोटाने ओढून काढावी लागली. "सायेब, खालचा दगड आधी थिजला, त्यावर माती बसली, मग वरनं दगडाचा दुसरा तापलेला रस आला, त्यानं ती भाजली. दिसती विटेवानी, पर पाणी मुरलं की लोणी. आजून खाली जावा."

काँक्रीटच्या गाड्या दुसऱ्या दिवशीच्या ठरल्या होत्या. थांबायला कोणी तयार नव्हतं असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी कोणाला विचारलंच नाही.

संध्याकाळी हातपाय धुऊन ते ऑफिसात आले. "लिवलं का, तांबडं लागलं म्हणून?"

"लिहिलं."

वही त्यांच्यासमोर उघडी होती. त्यांना वाचता येत नव्हतं. सकाळी त्यांची टोळी दुसऱ्या साइटवर गेली आणि मी खड्डा होता तसाच काँक्रीटने भरून घेतला.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांना भेटायला गेलो. धुळीने छाती गेली होती, एक वाक्य दोनदा थांबून बोलत. "त्यो कोपरा... खाली न्हेला न्हवं?"

"नेला. दोन मीटर."

दोन मीटर का म्हणालो, कोण जाणे. त्यांनी मान हलवली, चहा सांगितला. महिन्याभरात ते गेले.

आता पार्किंगमध्ये त्या खांबाजवळ केसाएवढी भेग आहे. गिलाव्याची असेल. मोठा पाऊस झाला की मी जाऊन बघून येतो. वॉचमनला सांगतो, फ्लॅट बघायला आलोय.

"मग खाली काय बघताय? वर जा की," तो म्हणतो.

वर अकरा मजले माणसं राहतात. त्या खांबाखाली काय आहे, हे त्यांना सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.