ऑपरेटरचा रकाना

चिमाजी मंडलिक नऊ वर्षं एक शब्द बोलला नाही. शब्द काही अवघड नव्हता, शिवीही नव्हती. 'सोडली'. बस सोडली, शाळा सोडली, दारू सोडली, दिवसातून दहादा कोणीही म्हणतं. चिमाजी म्हणायचा नाही. समोर दुसऱ्या कोणी म्हटलं तरी त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. त्याची बायको सरुबाई गोठ्यातून मुद्दाम ओरडायची, "अहो, गाय सो… मोकळी करू का ऱ्हाऊ दे बांधलेली?" आणि पदर तोंडाला लावून हसायची. गावाला वाटायचं, लाईटवाले चिमाजी जरा सरकलेत. वाटू द्या! गावाला काय, दुसऱ्याच्या वेडाची नेहमीच हौस असते. पण ह्या वेडाला कारण होतं.

चिमाजी सिन्नर रस्त्यावरच्या एका सबस्टेशनवर ऑपरेटर होता. घरचे सगळे मळेवाले. मेथी, कोथिंबीर, शेवंती पिकवायची आणि पहाटे नाशिकच्या बाजारात नेऊन विकायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. चिमाजी एकटाच आयटीआय करून 'लाईटीत' लागला. त्याचा त्याला असा तोरा की घराच्या दारावर पाटी लावली होती: 'चिमाजी स. मंडलिक, ऑपरेटर'. पोस्टमनलासुद्धा तो ती वाचायला लावायचा.

ऑपरेटरचं काम बघणाऱ्याला अगदीच फुकटचं वाटतं. खुर्चीत बसायचं, तासातासाला मीटर वाचायचे, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान बघायचं आणि लॉगशीटवर मांडायचं. खरी मेख पुढे आहे. लाईनमनला खांबावर चढायचं असलं की ऑपरेटर ती लाईन बंद करतो, त्याला नंबर घालून परमिट देतो आणि हँडलवर लाल पाटी अडकवतो: 'माणसे काम करीत आहेत'. लाईनमन खाली उतरून तोच नंबर सांगून परमिट परत करेपर्यंत त्या पाटीला हात लावायचा नाही. म्हणजे खांबावरच्या माणसाचा जीव चार-पाच किलोमीटर लांब खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मुठीत असतो. आणि त्या खुर्चीतला माणूस जागा आहे की नुसते डोळे उघडे ठेवून बसलाय, हे खांबावरून दिसत नाही.

शहाण्णवच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी ज्यानं यायचं तो ऑपरेटर घोटीला लग्नाला गेला तो गेलाच. चिमाजी रात्री बाराला आलेला, त्यानं पुढची पाळीही ओढली. 'डबल मारणं' म्हणायचे त्याला, आणि डबल मारणारा म्हणजे मर्द गडी अशी सगळ्यांची समजूत. चिमाजी तर त्यातला पहिलवान. दुपारचे दोन वाजत आले होते. यादव नावाचा लाईनमन, चिमाजीचा वीस वर्षांचा दोस्त, परमिट घेऊन कारखान्यांच्या लाईनवर चढलेला. खाली उभ्या हेल्परच्या हातात वायरलेस. त्यावरून आवाज आला, "भाऊ, यादवदादानं लाईन सोडली…" आणि पुढे नुसती खरखर.

पुढचे शब्द होते, "ह्या खांबावरची. फुडच्या खांबावर चढतोय." लाईनमनच्या बोलीत लाईन सोडली म्हणजे तिथून हात काढला. ऑपरेटरच्या बोलीत लाईन सोडली म्हणजे तिच्यात वीज सोडली, पाटात पाणी सोडावं तशी. एकच शब्द, दोन टोकांना दोन अर्थ! वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणाचं काही अडलं नव्हतं, कारण नंबर विचारला जायचा. त्या दिवशी चिमाजीनं 'सोडली' म्हणजे काम संपलं, आता वीज सोडायची, असं धरलं आणि नंबर विचारला नाही. पाटी काढली आणि हँडल फिरवलं.

धाडकन आवाज झाला आणि ब्रेकर पडला, लाईन आपोआप बंद झाली. यादवनं तारेवर आधी अर्थिंगची, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारी साखळी टाकली होती म्हणून तो जगला. पण साखळीजवळ भडका उडाला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत निघालं, ऑपरेटरचा हलगर्जीपणा. चिमाजीनं एका शब्दानं वाद न घालता सही केली, कारण ते खरंच होतं. फक्त सही करताना त्याच्या मनात आलं की साहेबांनी सगळं विचारलं, पण हा ड्यूटीचा कितवा तास होता ते कोणी विचारलं नाही. तो दवाखान्यात यादवला भेटायला गेला. यादव बँडेज बांधलेला हात दाखवून म्हणाला, "भाऊ, रडू नका. तीन बोटात बी तंबाखू मळता येती." यादवनं शिव्या दिल्या असत्या तर चिमाजीला बरं वाटलं असतं. तो बाहेर येऊन दवाखान्याच्या भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

चार दिवस त्याला अन्न गोड लागेना. शेवटी सरुबाईच खवळली. "त्या तेलाच्या डब्याचा ताप तासातासाला लिहिता ना? अन् लिहिणाऱ्याचा ताप कोण लिहितं? डबा तापला तर घंटा वाजती. तुमी तापले तर कोण वाजवणार?"

बाई अक्षर न शिकलेली, पण घाव बरोबर वर्मी बसला. दुसऱ्या दिवशी चिमाजीनं फूटपट्टी घेतली आणि लॉगशीटवर तेलाच्या तापमानाशेजारी पेनानं आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं, 'ऑपरेटर'. आठवड्यानं साहेबांचा मेमो आला: कार्यालयीन कागद खराब करू नये. ठीक! चिमाजीनं शंभर पानी वही आणली.

पण त्यात लिहायचं काय? तापमापी काखेत धरून काय कळणार? त्यासाठी त्यानं आयटीआयच्या मास्तरांची एक जुनी गंमत कामाला लावली. वॉचमन मंगळूनं फूटपट्टी उभी धरायची आणि न सांगता खाली टाकायची. चिमाजीनं ती चिमटीत पकडायची. जितक्या सेंटीमीटरवर पकडली तितका आकडा. पहिल्या तासाला चौदा यायचे, आठव्याला अठरा. कधी डबल पडलीच तर बाराव्या तासाला पट्टी सरळ पायावर पडायची आणि मंगळू म्हणायचा, "घ्या! ब्रेकर पडला!" शेजारी झोप किती झाली, नाडी किती, कुठला मीटर चुकीचा वाचला, हेही लिहायचं. बाकीचे ऑपरेटर टिंगल करायचे. एकानं वहीच्या पुठ्ठ्यावर 'श्री चिमाजी प्रसन्न' लिहिलं होतं. चिमाजीनं ते खोडलंसुद्धा नाही.

आणि त्याच्या पाळीत 'सोडली' बंद. परमिट परत करताना नंबर तर सांगायचाच, वर तीन गोष्टी स्पष्ट बोलायच्या: नाव, लाईन आणि 'माणसं सुखरूप खाली'. तिन्ही ऐकल्याशिवाय चिमाजी पाटी हलवायचा नाही, मग पलीकडून कोणी कितीही बोंब मारो. यादव बरा होऊन पुन्हा लाईनवर आला, तेव्हा पहिल्याच परमिटला त्यानं हे तिन्ही इतक्या मोठ्यानं सांगितलं की मंगळू गेटपाशी दचकला.

अशी सात वर्षं गेली, वह्या झाल्या अकरा. दोन हजार तीनच्या थंडीत वैष्णवी नावाची मुलगी सबस्टेशनवर आली. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. ऑपरेटरची तब्येत आणि त्याच्या चुका यांचा मेळ लावायचा, आणि त्याला वेळीच सावध करील असा कॉम्प्युटर बनवायचा, हे तिचं संशोधन. ती ब्लडप्रेशर मोजायची पट्टी घेऊन बसली की एकेक ऑपरेटर छाती फुगवून सांगायचा, "मॅडम, आम्ही एकदम ठणठणीत! झोप? आठ तास!" सगळे धडधडीत खोटं बोलत होते. डबल ड्यूटी जाईल, नाहीतर अनफिट ठरू, ही धास्ती. पोरगी महिनाभर थापा गोळा करून रडकुंडीला आली.

मग एक दिवस चिमाजी खताच्या रिकाम्या गोणीत अकराही वह्या घालून आला आणि गोणी तिच्यापुढे ठेवली. "ह्यात खोटं नाय, मॅडम. अक्षर तेवढं घाण हाय."

वैष्णवीनं त्या वह्या वाचायला दोन महिने लावले. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिनं मंगळूला चहाला पाठवलं आणि हळूच म्हणाली, "काका, ह्या वह्यांवरून माझा कॉम्प्युटर तयार होईल. माणूस कुठे घसरतो ते ह्यांच्याइतकं नेमकं कोणाकडेच नाही. पण ह्या तुमच्याच विरोधात जातायत. पहिल्या वहीत तुम्ही दहाव्या तासाला घसरत होता. शेवटच्या दोन वह्यांत सहाव्या तासालाच घसरताय. पाळी आठ तासांची आहे."

चिमाजीला ते ठाऊक नव्हतं असं नाही. आकडे त्यानंच तर लिहिले होते. फक्त ओळीनं कधी वाचले नव्हते.

"शेवटच्या दोन वह्या मी घेत नाही," वैष्णवी म्हणाली. "त्यांच्यावाचून माझं भागेल."

"माझं भागेल, यादवचं नाय भागायचं," चिमाजी म्हणाला. "सगळ्या घ्या."

घरी त्यानं सरुबाईला सगळं सांगितलं. ही यंत्रणा आली की ती आधी मलाच पकडणार. मग खुर्ची गेली आणि रिटायर होईस्तोवर गोदामात नटबोल्ट निवडत बसायचं. सरुबाई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "अन् नाय पकडलं तर?" चिमाजी चुलीतलं लाकूड पुढे सारू लागला. "मग ठरलं की," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दोन हजार पाचच्या सुरुवातीला कॉम्प्युटर पॅनलशेजारी बसला. तासाला दहा वेळा दिवा लागायचा, लागला की बटण दाबायचं. तो माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी करायचा. सलग तीनदा उशीर झाला की पडदा लाल. त्यावर काय लिहावं यावरून दोघांत चांगली जुंपली. वैष्णवीनं लिहिलं होतं, 'ऑपरेटरला विश्रांतीची शिफारस करण्यात येत आहे'. चिमाजी म्हणाला, "मॅडम, एवढं वाचेस्तोवर माणूस मरंल. लिहा, माणूस बदला." तेच राहिलं.

चाचणीच्या तिसऱ्या आठवड्यात चिमाजीची सकाळची पाळी होती. दुपारचा दीड, म्हणजे सहावा तास. यादव परमिट घेऊन कारखान्यांच्या लाईनवर होता. लाईन बंद म्हणून कारखान्यांचे फोन खणखणत होते आणि साहेब स्वतः पॅनलरूममध्ये येऊन उभे राहिले होते. दिवा लागला, चिमाजीनं बटण दाबलं. पुन्हा लागला, दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि पडदा लाल झाला.

माणूस बदला.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग चिमाजीकडे. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाले, "मंडलिक, ही नुसती चाचणी आहे. यादव पाच मिनिटांत परमिट परत करेल. तेवढं घ्या, लाईन चालू करा, मग उठा. हे लाल आज कागदावर चढलं तर मला तुम्हाला इथे ठेवता येणार नाही. दीडच वर्ष राहिलंय, कशाला हात दाखवून अवलक्षण?"

चिमाजीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. डोळे लख्ख उघडे होते. शहाण्णवच्या त्या दुपारीही असंच वाटलं होतं, अगदी असंच. पाच मिनिटं, एक हँडल. तीस वर्षांत ते किती हजार वेळा फिरवलं असेल! आणि दारावरची ती पाटी, पोस्टमनला वाचायला लावायची. त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि तो उभा राहिला.

"मंगळू," तो म्हणाला, "क्वार्टरवर पळ. दुसरा ऑपरेटर घेऊन ये. आत्ता."

मग लॉगशीट पुढे ओढून त्यानं तेलाच्या तापमानाशेजारी पुन्हा एक रेघ मारली, वर 'ऑपरेटर' लिहिलं आणि खाली वेळ घातली. साहेब ह्या वेळी कागद खराब करू नका म्हणाले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि शेजारी सही केली.

चिमाजीनं वायरलेस उचलला. शहाण्णवनंतर पलीकडचा वायरलेस यादव स्वतःच्याच कमरेला बांधायचा. "यादव, काम झालं की खाली उतरून थांब. परमिट माझ्याकडं देऊ नको. दुसरा माणूस येतोय, त्याच्याकडं दे."

"का वं भाऊ? काय झालं?"

"मी सोडली," चिमाजी म्हणाला.

नऊ वर्षांत तो शब्द ह्या तोंडून कोणी ऐकला नव्हता, आणि यादवनं तर नाहीच नाही. खरखर झाली, मग त्याचा आवाज आला. जरा चिरकलेला, पण ठणठणीत मोठा. "असं चालत नाय भाऊ. नीट सांगा. नाव?"

"चिमाजी मंडलिक."

"काय सोडली?"

"खुर्ची."

"अन् तिसरं?"

चिमाजीनं एकदा पॅनलकडे पाहिलं. हँडलवर लाल पाटी जिथल्या तिथे होती.

"माणूस सुखरूप खाली," तो म्हणाला.