बसून शिकवण्याचा हक्क

वडील कामगार संघटनेची पत्रकं छापायचे, त्यामुळे 'हक्क' हा शब्द मी बाराखडीबरोबरच शिकले. पुढे मद्रासच्या एका इस्पितळात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून लागले. आजारी माणसाला त्याचं रोजचं काम परत मिळवून देणं हा माझ्या लेखी लढाच होता.

तिथे माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या अक्का तंजावरी मराठी घरातल्या, मैलापूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजाराने त्यांचे पाय जड झाले होते, हात लवकर थकायचा. शिक्षिकेने वर्गात बसायचं नाही, असा शाळेचा नियम. आजारपणाची सुट्टी संपल्यावर एक पूर्ण तास घेऊन दाखवा, नाहीतर राजीनामा द्या, असं मुख्याध्यापिकांनी कळवलं होतं.

मी त्यांना खुर्चीवर बसवून योग शिकवला. श्वास घेत हात वर, सोडत सोडत फळ्यावर एक ओळ, मग हात मांडीवर ठेवून विसावा. आमचे वरिष्ठ हसायचे. आसनं देवळात शिकव म्हणायचे. अक्कांना सगळ्यात जड जायचं ते थकण्याआधी थांबणं.

"थांबायला काय शिकवतेस ग? आजाराने तेच तर शिकवलंय."

"आजार पाडतो, अक्का. थांबायचं तुम्ही."

तास घेण्याचा दिवस नेमका शुक्रवार निघाला, तिकडे बायकांनी तेल लावून न्हायचा वार. शुभ कामाला जायचं म्हणून अक्कांच्या सासूबाईंनी सकाळी मायेने तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घातलं. या आजारात उष्णतेने अंगातलं बळ जातं. अक्कांना ते ठाऊक होतं, पण शुक्रवारच्या न्हाण्याला नाही म्हणणं त्या घरात कुणाला सुचलंच नसतं. मी सोबत गेले होते; त्यांना धरून वर्गात आणावं लागलं. खडू बोटांतून गळून पडला.

मी मडक्यातल्या पाण्याने टॉवेल भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला, खुर्ची पंख्याखाली ओढली. मुख्याध्यापिकांनी विचारलं, हे मुलींसमोर शोभतं का? माझ्या ओठांवर अख्खं पत्रक आलं होतं. अक्कांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"शोभतं," त्या म्हणाल्या. "जरा श्वास घेते, मग शिकवते. बसून."

तासाचा बराच वेळ तसाच गेला. मुली हलल्या नाहीत. अंग निवलं तशी अक्कांनी खडू उचलला. श्वासागणिक एक ओळ. फळ्याच्या खालच्या भागात समीकरण सुटत गेलं. वरच्या भागासाठी त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला उठवलं, तू उंच आहेस, तुझी सुटका नाही म्हणाल्या. वर्ग हसला. घंटा झाली. मुख्याध्यापिका उठल्या, झालं म्हणाल्या.

"नाही झालं. एक उदाहरण राहिलंय."

मुख्याध्यापिका परत बसल्या.

राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही. खुर्ची वर्गातच राहिली. दिवाळीनंतर, दिवस भरत आलेल्या विज्ञानाच्या बाईही तिच्यावर बसून शिकवू लागल्या, आणि त्यांना उठा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.