बाईंची जोडीदार

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बाई डोंगराच्या खांद्यावर गुडघे टेकून बसल्या होत्या आणि जमिनीत खुपसलेल्या तापमापकाचा आकडा मोठ्याने वाचून दाखवत होत्या. भोवती नववीची मुलं. काहींनी हातमोजे काढून तळवे काळ्या मातीवर टेकवले होते. माती गरम होती, वारा बोचरा.

मुलं पलीकडच्या किनाऱ्यावरची. त्यांची शाळा त्यांना चार दिवसांसाठी बेटावर पाठवते, आणि ज्वालामुखीच्या पायाशी माणसं राहतात म्हणजे नेमकं काय करतात, हे शिकवायचं काम बरीच वर्षं बाईंकडे आहे. बाई इथल्याच. वडील दगड फोडायचे. बाई पदवीसाठी बोटीने गेल्या आणि पदवी हातात पडताच परत आल्या. तिकडची जमीन फारच गप्प, करमत नाही, एवढंच कारण त्यांनी घरी सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी त्या बादलीभर पाण्यात दोन दगड टाकतात. एक बुडतो, एक तरंगतो. "एका आईची लेकरं, स्वभाव वेगळे," म्हणतात आणि मग लाव्हारसातल्या बुडबुड्यांकडे वळतात. दुसऱ्या दिवशी गाव दाखवतात. द्राक्षांच्या वेलींना वारा लागू नये म्हणून रचलेले दगडी आडोसे, उतरती छपरं, आणि छपरावरची राख पाणी न मारता कोरडीच झाडायची रीत. ओली राख जडावते आणि छप्पर घेऊनच खाली येते. तिसऱ्या दिवशी डोंगर. मुलं त्यांना पाठीमागे राखबाई म्हणतात. बाईंना ते ठाऊक आहे. नावात खोट काढण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत.

डोंगरावर त्या डोकी मोजत नाहीत. लहानपणापासून इथली माणसं जोडीनेच वर जातात आणि ज्याने त्याने आपला जोडीदार सांभाळायचा. निघताना बाई ओरडतात, "जोडीदार आहे?" आणि सगळ्यांनी "आहे!" म्हणायचं. धुक्यात आकडा चुकतो, जोडीदार चुकत नाही. त्या दिवशी मुलं विषम संख्येत होती. उरली ती एक चष्मेवाली मुलगी, जिला वर्गात प्रश्नावली म्हणत. बाईंनी तिला स्वतःची जोडीदार केलं.

वाटेला लागून एक खळगा आहे. तळ उबदार, वारा अजिबात नाही.

"इथे कुणी उतरायचं नाही," बाई म्हणाल्या.

"का पण, बाई? वर तर कुडकुडायला होतंय," प्रश्नावलीने विचारलं.

बाई सांगणार, तेवढ्यात समुद्राकडून धुकं वर सरकताना दिसलं. "खाली पोचल्यावर सांगते. चला, आवरा!"

"जोडीदार आहे?"

"आहे!"

सगळ्यांचे होते. बाईंनी दहा मिनिटांत मुलं बसपर्यंत उतरवली. बस बाईंचा नवराच चालवतो. त्याने इंजिन सुरू केलं, आरशात पाहिलं आणि म्हणाला, "अगं, आज एवढी शांतता कशी? प्रश्न विचारून संपले वाटतं तुझ्या त्या पोरीचे?"

बाईंनी शेजारच्या सीटकडे पाहिलं. सीटवर फक्त त्यांची पिशवी होती. जोडीदार आहे का, हे विचारणाऱ्या बाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

"बस बंद करा. एकालाही खाली उतरू देऊ नका," त्या म्हणाल्या.

"मी येतो."

"तुम्ही आलात तर यांना कोण धरणार? मुख्याध्यापकांना फोन लावा. डोंगरावरच्या निरीक्षण केंद्रालाही."

वाट पायाखालची होती, म्हणून धुक्यातही त्या भराभर चढल्या. डोक्यात एकच गोष्ट. थंडीने काकडलेलं पोर आडोसा शोधणार, आणि त्या वाटेवर आडोसा एकच. जमिनीतून झिरपणारा वायू हवेपेक्षा जड. वारा नसला की वाडग्यात पाणी साचावं तसा खळग्यात साचतो. ना रंग, ना वास. बसलेलं माणूस उठत नाही. हे सगळं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. बाईंनी ती खाली पोचल्यावर सांगायला राखून ठेवली होती.

त्या काठावर पोटावर आडव्या झाल्या आणि वायुमापक दोरीने खाली सोडला. तो लगेच किंचाळायला लागला. धुकं क्षणभर विरळ झालं. तळ दिसला. रिकामा.

बाईंनी शिट्टी फुंकली.

"इकडे! वर!"

मुलगी कड्याजवळच्या खडकावर, भर वाऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठ निळे, चष्म्यावर पाणी, आणि चेहऱ्यावर चांगलाच राग.

"तिकडे खाली ऊब होती. उतरली का नाहीस?" बाईंनी तिला आपलं जाकीट गुंडाळत विचारलं.

"किडे."

"काय?"

"तळात किडे उलटे पडले होते, बाई. सगळेच्या सगळे. एखाद-दुसरा मरतो, सगळे कशाला मरतील? तेच बघत थांबले तर तुम्ही गायब. म्हटलं, त्यांना जे झालं ते मला नको."

बाई तिच्याशेजारी खडकावर बसल्या. मग हसू फुटलं, आणि ते आवरेना.

"हसताय काय? जोडीदार तुम्ही होतात माझ्या. मी जिथल्या तिथे आहे. हरवलात तुम्ही."

"खरंय गं बाई, अगदी खरंय," बाई म्हणाल्या. उतरताना त्यांनी जड वायूची ती दोन वाक्यं सांगितली. त्यांवर तिचे सात प्रश्न आले. बाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली, एकाचं दोनदा. मुलीचा हात त्यांनी बसच्या पायरीपर्यंत सोडला नाही.

नवरा दारातच उभा होता. "सापडली का गं?"

"सापडल्या," मुलगी म्हणाली. "खळग्याशी पालथ्या पडल्या होत्या."

बसमध्ये हशा उसळला. नवरा मात्र हसला नाही. त्याने मुलीला थर्मासमधलं गरम पाणी दिलं आणि बराच वेळ गिअरच टाकला नाही.

मुख्याध्यापकांना बाईंनी फोनवर सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग ते म्हणाले, "मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे. भूक लागलीय म्हणते."

"मग यापुढे वर दोघी शिक्षिका जा. विषय संपला."

उद्या सकाळी नऊला दुसरी तुकडी डोंगरावर निघेल. तिच्यात मुलं सम आहेत. बाईंची जोडीदार त्या तुकडीबरोबर आलेली विज्ञानाची शिक्षिका आहे.