सल्या टेलर आणि बाजारच्या दिवसाचा पिक्चर

सल्या आज पहाटे गेला. आणि मी मूर्ख माणूस त्याच्याशी सहा वर्षं बोललो नव्हतो.

चार वेळा हे लिहून पुसलं. बसवत नाही, उठवत नाही. आता जसं येईल तसं लिहितो.

सलीम. जुन्नरला टेलरिंगचं दुकान. माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि अख्ख्या तालुक्यातला सगळ्यात खडूस प्रेक्षक.

नव्वदच्या दशकात जुन्नरच्या थिएटरला मोठा पिक्चर लागला की आम्ही पहिल्याच आठवड्यात हजर. जादू, राक्षस, उडते घोडे असले की मी खुर्चीच्या टोकावर. हा मात्र कपड्यांची शिवण बघत बसायचा.

"घोडा उडतो, उडू दे. पण राजा तीन दिस जंगलात पळतोय आन् अंगरख्याला एक सुरकुती न्हाई? इस्त्री कोण करतंय रं, वाघ?"

मी म्हणायचो, "आरं, करोडो रुपये घातलेत त्यांनी!"

"खर्च काय, लग्नातबी करत्यात. म्हणून जेवण चांगलं असतं व्हय?"

फॅमिली पिक्चरवर तर त्याचा खास राग.

"सोळा माणसांचं घर, आन् एकाच्याबी बनियनला भोक न्हाई. ही फॅमिली न्हाई राव, शोरूम हाय."

मी इतका हसायचो की मागचे लोक शिव्या घालायचे.

मग मला भोसरीला कंपनीत नोकरी लागली. आई आधीच गेलेली. आबा, माझे वडील, जुन्नरजवळ गावी पिंपरी पेंढारला एकटे. मी महिन्यातून एकदा यायचो. मग फक्त सणाला. मग नुसता शेजाऱ्यांकडे फोन.

एका सुट्टीत सल्याबरोबर असाच एक फॅमिली पिक्चर बघितला. म्हातारा बाप, लांब गेलेली पोरं, शेवटी सगळे गळ्यात पडतात. मी ढसाढसा रडलो.

बाहेर चहा पिताना सल्या हळूच म्हणाला, "दिल्या, तिकीट काढून रडलास. घरी आबा फुकट व्हते की."

डोकंच फिरलं माझं. चार लोकांत म्हणालो, "तू लोकांचे कपडे शिव. माझं घर शिवायला येऊ नको."

तो उठला. अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

तेव्हापासून सहा वर्षं.

मागच्या दिवाळीत बऱ्याच दिवसांनी गावी गेलो, तर आबा माझ्या मुलीला कुठल्यातरी राक्षसाच्या पिक्चरची स्टोरी सांगत होते. मध्येच म्हणाले, "आन् त्या राक्षसाच्या डगल्याला बटणं हायेत, पर काजंच न्हाईत! घालतो कसा त्यो?"

हे आबांचं बोलणंच नव्हतं.

"आबा, पिक्चरला कुणाबरोबर जाता तुम्ही?"

"सल्याबरुबर. दर बाजाराला न्हेतो की मला. आता लांबचं दिसत न्हाई, तर त्यो कानात सांगतो."

तेव्हा तरी फोन करायला पाहिजे होता. नंबर काढलाही. मग म्हटलं, निवांत जाऊन भेटू. खरं तर लाज वाटत होती.

आज सकाळी सल्याच्या बायकोचा, भाभींचा फोन आला. हार्ट अटॅक. रडत रडत म्हणाल्या, "दिलीपभाऊ, आज बाजार आहे. आबा अकराच्या यष्टीनं दुकानावर येतील. बंद दुकान बघायच्या आत तुम्ही सांगा त्यांना."

आबांकडे मोबाईल नाही, आणि हे शेजाऱ्यांकडून कळवायचं नव्हतं. गाडी काढली आणि सुटलो. मध्ये कुठं थांबलो नाही.

आबा गावच्या स्टँडवरच सापडले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. मला बघून लई खूश झाले.

"आरं, तू कसा काय? चल, तूबी चल. सल्या वाट बघत आसंल, नवा पिक्चर लागलाय."

मी तिथंच सांगितलं.

आबा बाकड्यावर बसले. पिशवीचे बंद नुसते बोटाला गुंडाळत राहिले. यष्टी आली आणि गेली.

मग म्हणाले, "तुझं बोलणं झालं व्हतं का त्येच्याशी?"

"न्हाई, आबा."

"दर खेपंला इचारायचा मला, दिल्याचा राग गेला का म्हणून. मी म्हणायचो, गेला आसंल."

दुपारी आम्ही बापलेकांनी सल्याला माती दिली.

राग कधीच गेला होता रे, सल्या. सांगायचं राहिलं. चुकलो.

नीट जा, दोस्ता.