घाई करतो तो खोटा

समोरच्या फ्लॅटमधले काका अंबरनाथ एमआयडीसीतून रिटायर होऊन सोनिवलीत राहायला आलेत. ‘तुमचं खातं आजच बंद होईल’ असला मेल आला की मी त्यांना दाखवतो. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणतात, “घाई करतोय ना? मग खोटा. लिंक दाबायची नाही. आपलं आपण खातं उघडून बघायचं.”

परवा त्यांच्या खिडकीतून धूर येत होता. मी दार बडवलं. “काका, लवकर उघडा, किचनमध्ये काहीतरी जळतंय!”

दार उघडलं नाही. आतली पावलं सावकाश किचनकडे गेलेली ऐकू आली. मग माझा फोन वाजला.

“दाराशी तूच आहेस का?”

“हो, काका!”

“निरोप खरा निघाला. दूध करपलं. पण पुढच्या वेळी एवढी घाई करू नको, शंका येते.”