मला दिलेले बेमेळ बाण

मित्रमैत्रिणींनो, आज डोकं जाम तापलंय, म्हणून लिहितेय.

दुपारी वरठी स्टेशनवर शाळेतले आमचे खेळाचे सर भेटले. मी पाया पडले, तर ते शेजारच्या माणसाला हसत म्हणाले, "हे आमची तिरंदाज! निवडीच्या दिवशी हात थरथरला इचा."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भंडाऱ्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. मुलांना एकसारखे नवे बाण मिळाले, मला उरलेले बांबूचे. एक वाकडा, एक जड, काही ताठ, काही काडीसारखे लवचिक. माझा नेम तोच, दोरीची ओढ तीच. पण जड बाण खाली पडला, लवचिक एकीकडे आणि ताठ दुसरीकडे गेले. वाकडा तर कुठल्या कुठे!

"सर, बाण सारखे नाहीत," मी तेव्हाच म्हटलं होतं.

"बाणाले कायले दोष देऊन राहिली?" म्हणत त्यांनी मला घरी पाठवलं. त्यानंतर धनुष्य हाती आलंच नाही.

आज मात्र मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, माहा हात नाही थरथरला. तुम्ही पोरीले टाकाऊ बाण देले."

"जाऊ दे ना बाई, किती वर्षं झाली!"

त्यांच्यासाठी झाली असतील. तुम्हीच सांगा, मी का जाऊ देऊ?