अण्णांच्या नावाचे पत्रे

या पृथ्वीतलावर ज्या वस्तूवर आमच्या थोरल्या साडूंचं नाव नाही, ती वस्तू एकतर त्यांची नाही, किंवा त्यांचा ब्रश अजून तिथवर पोचलेला नाही. इतर घरांत भांड्यांवर नाव घालतात, तेही लग्नात आलेल्या. साडूंनी ही चाल भांड्यांपाशी अडवून धरली नाही. लाल ऑइलपेंटचा डबा आणि केस झडलेला ब्रश घेऊन ते बादली, कुदळ, बाज, विहिरीवरची मोटार असे जिंकत जिंकत पुढं गेले. चपलांवर नाव, तेही दोन्ही पायांच्या, कारण चोर एकच नेईल याचीही तयारी हवी. एकदा मी त्यांच्याकडं नवीकोरी छत्री विसरलो. पुढच्या खेपेला बघतो तर काळ्या कापडावर लाल अक्षरांत साडू वाळत पडलेले. मी म्हटलं, "दाजी, ही माझी छत्री." त्यांनी ती शांतपणे उघडून माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "मग पाव्हणं, हे काय लिवलंय?" मी भिजत उमरग्याला परत आलो.

म्हशीच्या शिंगावरसुद्धा नाव होतं. त्या दिवशी आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि या लेखनसम्राटांची पत्नी, वैतागून म्हणाली, "आता माज्या कपाळावर तेवढं लिवायचं ऱ्हायलंय." साडूंनी तिच्या कपाळाकडं अगदी गांभीर्यानं पाहिलं. म्हणाले, "तिथं न्हाय उठून दिसायचं. आदीच लाल हाय."

नळदुर्गच्या अलीकडं हमरस्ता सोडून आत वळलं की माळावर त्यांची वस्ती आहे. मधे एक अंगण आणि समोरासमोर दोन पत्र्याची घरं. एक साडूंचं, दुसरं त्यांच्या धाकट्या भावाचं, बापूंचं. वाटणी झाली तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. का, ते त्यांना विचारू नये. दोघांनाही आठवावं लागतं आणि मग दोघांचाही दिवस खराब जातो. पण न बोलण्याच्या बाबतीत इतकी बडबडी माणसं मी दुसरीकडं पाहिली नाहीत. म्हशीचा खुंटा बरोबर अंगणाच्या मध्यावर. साडू आपल्या दारातून तिला सांगायचे, "सांग गं तेला, मोटार बंद कर म्हणावं. रानाचं तळं झालंय." समोरून बापू, धाकटेपणाची अदब राखून, "म्हशीबाई, तेस्नी सांगा, पाइप तुमच्याच अंगाला फुटलाय." म्हैस रवंथ करत दोन्हीकडं सारखंच दुर्लक्ष करायची. इतकी निःपक्षपाती बाई तालुक्यात कुठल्या खुर्चीवर बसली असती तर लोकांचं भलं झालं असतं.

या दोन्ही घरांवरचे पत्रे त्यांच्या वडिलांच्या, अण्णांच्या काळातले. तेव्हा साडू आज्ञाधारक चिरंजीव होते, म्हणून त्यांनी प्रत्येक पत्र्यावर हातभर अक्षरांत ‘अण्णा’ असं रंगवलं होतं. अण्णा गेले, वाटणी झाली, पत्रे निम्मेनिम्मे झाले. त्याच आठवड्यात साडूंनी आपल्या वाट्याच्या कुदळीवर, बादलीवर, बाजेवर अण्णांचं नाव पुसून स्वतःचं चढवलं. पत्रे तेवढे तसेच राहिले. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "रंग संपला." ज्या घरात एखादे दिवशी मीठ नसेल पण लाल रंग असतो, त्या घरचे मालक हे बोलत होते. मी ऐकून घेतलं. छत्रीचा धडा ताजा होता.

आमच्याकडं उन्हाळा सरत आला की वादळी वारं सुटतं. म्हणून त्याआधी सगळे जण पत्र्यांवर दगड ठेवतात, तारा आवळतात. साडू हसायचे. "दगड कशाला? नाव टाकल्याली वस्तू जात न्हाय. गेली तरी माघारी येती."

ते वादळ आलं त्या दिवशी मी तिथं होतो, आमरसाच्या निमित्तानं. ताटं नुकतीच वाढली होती. बाहेर एकाएकी उजेड गढूळ झाला, पाखरं गप्प झाली आणि माळावरून धुळीची एक भिंतच चालत आली. पहिल्या तडाख्यात कडब्याची गंजी उठली. मागोमाग प्लॅस्टिकची खुर्ची साडूंचं नाव मिरवत हमरस्त्याच्या दिशेनं रवाना झाली. आक्का लोखंडी पलंगाखाली शिरली. मी तिच्या आधीच तिथं होतो. वर पत्रे खडाखडा दात वाजवू लागले, मग करकरत एकेक सुटला आणि पत्रावळीसारखा गरगरत गेला. आणि साडू? साडू दाराच्या चौकटीला मिठी मारून, जाणाऱ्या प्रत्येक पत्र्याला दटावत होते, "आरं, नाव हाय तुज्यावर! नाव हाय!" पत्रे अशिक्षित निघाले.

आता ते ही हकिकत सांगतात तेव्हा त्यांच्या एका हातात घराचं आढं असतं आणि दुसऱ्या हातात मी. शिवाय मी रडत असतो. पलंगाखाली कोण रडतंय हे चौकटीवरून दिसत नाही, एवढंच मी नम्रपणे नोंदवतो.

वारं पडलं तेव्हा दोन्ही घरं उघडी बोडकी झाली होती. माझ्या ताटातल्या आमरसावर अख्खा माळ येऊन बसला होता. पश्चिमेला काळं आभाळ भरून येत होतं. पाऊस घटकाभरावर होता. तेवढ्यात गावातली माणसं पत्रे घेऊन येऊ लागली. कुणाला ओढ्यात सापडला, कुणाच्या भुईमुगात पडला, एक तर बाभळीवर झेंड्यासारखा लटकला होता. ‘अण्णा’ म्हणजे कोणती वस्ती हे सगळ्यांना ठाऊक. साडूंची छाती फुगली. "बगा! म्या काय म्हनलो हुतो?"

पण ढीग लागला तेव्हा त्यातला घोळ दिसला. निम्म्याहून जास्त पत्रे चुरगळले, फाटले होते. धड होते ते फार तर एका घराला पुरले असते. कुणाच्या? सगळ्यांवर एकच नाव. अख्ख्या तालुक्यात एवढी ठळक सही केलेली मालमत्ता नसेल, आणि तिचा मालक कोण ते एकालाही सांगता येईना.

साडू म्हशीपुढं उभे राहिले. "सांग गं तेला, पत्रे माजे हायती. म्या माज्या हातानं लिवलंय."

बापू म्हणाले, "म्हशीबाई, लिवलं तेनी, व्हय. पन नाव कुनाचं लिवलंय ते इचारा की."

"तेला म्हणावं, लई शाना झालाय!"

"तेस्नी म्हणावं, थोरल्यांचंच बगून झालोय!"

म्हैस वादळानं घाबरलेली, दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तेवढ्यात समोरच्या उघड्या घरातून तान्ह्या बाळाचं रडणं आलं. बापूंची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. ती भिंतीच्या कोपऱ्यात बाळाला पदराखाली धरून बसली होती आणि बापूंची बायको दोघांवर घोंगडी धरून उभी होती. आक्का आपली वाकळ घेऊन अंगण ओलांडून गेली.

साडूंनी आभाळाकडं पाहिलं, आपल्या घराकडं पाहिलं. आत त्यांचं धान्य उघड्यावर होतं. मग ते म्हशीवर एवढ्या मोठ्यानं ओरडले की ती दचकून मागं सरली, "आगं इचार की तेला, शिडी कुटं हाय? का ती बी उडाली?"

बापू शिडी घेऊन धावत आले. धड पत्रा एकेक करून बापूंच्या घरावर चढला. वर साडू, खाली बापू. खालून पत्रा यायचा, दगड यायचा, वरून नुसता हात यायचा. दगडांना त्या दिवशी साडूंनी नावं ठेवली नाहीत. मी आणि गावातल्या माणसांनी साडूंच्या धान्यावर फाटके पत्रे घातले. शेवटचा दगड ठेवून झाला आणि वरून आक्काला हाक आली, "आगं, रंगाचा डबा दे."

बापूंनी म्हशीकडं तोंड वळवलं आणि मान खाली घातली. छत्रीचं झालं तेच आता घराचं होणार, असं माझ्या मनात आलं. साडू वर बराच वेळ वाकून होते. टपोरे थेंब पडू लागले तेव्हा ते उतरले. मला राहवलं नाही. मी शिडीच्या चार पायऱ्या चढून पाहिलं. पडून-घासून जिथं जिथं अक्षरं उडाली होती, तिथं तिथं ओला लाल ‘अण्णा’ पुन्हा उभा होता. पावसानं तो जरा ओघळायलाही लागला होता.

मी हळूच विचारलं, "दाजी, तुमचं नाव?"

"रंग कमी पडला," ते म्हणाले. डबा त्यांच्या हातात हिंदकळत होता.

त्या पावसात आम्ही सगळे बापूंच्या घरात बसलो. साडू उंबऱ्याशी, भावाकडं पाठ करून. कुणीतरी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. ते त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "सांग तुज्या आज्याला, च्या टाक म्हणावं." निरोप्या बदलला, एवढाच काय तो त्या वादळात झालेला बदल.

साडूंच्या घरावर आता स्लॅब आहे. म्हैस म्हातारी होऊन गेली. पण दरवर्षी वारं सुटायच्या आधी साडू भावाच्या पत्र्यावर चढतात, दगड हलवून बघतात आणि ‘अण्णा’वरून ब्रश फिरवतात. यंदा मी गेलो तेव्हा ते खाली बाजेवर बसले होते. गुडघ्यांनी साथ सोडली होती. वर बापू होते, डबा घेऊन. अंगणात म्हशीचा खुंटा अजून आहे, त्याला दावंही आहे. साडू त्या रिकाम्या खुंट्याकडं बघून म्हणाले, "सांग तेला, काना जरा लांब वढ म्हणावं. अण्णा उंच हुते."

वरून बापू खुंट्यालाच म्हणाले, "तेस्नी सांगा, रंग संपत आलाय."

माळावर वारं उठत होतं, दावं हलत होतं.

"आतमदी दुसरा डबा हाय म्हणावं," साडू म्हणाले. "रंग लई हाय."

मी आत जाऊन डबा आणला. काठोकाठ भरलेला होता.